नदीच्या एका काठावर ‘देवी आली’, दुसऱ्या काठावर ‘देवी गेली’

प्रश्न असा आलाय: मुलगी आठवीत आहे, शाळेने ‘माझ्या गावाचा इतिहास’ असा प्रोजेक्ट दिलाय. आजी एक सांगते, पुस्तकात दोन ओळी आहेत त्या वेगळ्याच, मोबाईलवरच्या व्हिडिओतला माणूस तिसरंच काहीतरी ओरडून सांगतो. मुलीने विचारलं, बाबा यातलं खरं कुठलं, आणि शेवटी गोष्टीच आहेत तर कुठलीही धरली तरी काय फरक पडतो? बाबा अडकले.

मी काही प्रोफेसर नाही. गेली 26 वर्षं जुन्या गोव्यात आणि आमच्या फोंड्याच्या देवळांत लोकांना फिरवते, गाईड म्हणून, त्यावरच घर चालतं. तेच दगड रोज दाखवायचे आणि समोरचा ग्रुप बदलला की तेच दगड वेगळे दिसायला लागतात हे रोज बघायचं, असं हे काम आहे. त्यामुळे फरक पडतो का याचं उत्तर माझ्याकडे आहे, खरं कुठलं यावर थोडं लांबण लावावं लागेल.

माझी आजी फोंड्याजवळच्या म्हार्दोळची. म्हाळसा देवी नदीपलीकडच्या वेर्ण्याहून म्हार्दोळला कशी आली ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन त्याला गणती नाही, जायांच्या (जाईसारख्या फुलांच्या) पूजेच्या दिवसांत तर दर वर्षी, कळ्या गुंफता गुंफता. काळोखी रात्र, धो धो पाऊस (आजीच्या गोष्टीत पावसाशिवाय कोणी पळतच नसे), फिरंगी देवळं मोडत येतायत, मग चार माणसांनी देवीला कांबळीत गुंडाळून डोक्यावर घेतलं, होडीतून अघनाशिनी म्हणजे आजची जुवारी नदी पार केली आणि देवी आली. ‘आली’ म्हणताना आजीचा आवाज असा व्हायचा जसं काही माहेरवाशीणच दारात उभी राहिलीय. माझ्या डोक्यात ती नदी म्हणजे एका बाजूला काळोख आणि दुसऱ्या बाजूला आमच्या घरातली समई, असंच चित्र होतं. आणि गंमत म्हणजे मोठी होऊन गाईड झाल्यावरही मी हेच चित्र विकत होते, फक्त वर सन घालून. 1560 च्या सुमाराला कुशस्थळीहून मंगेश प्रियोळला, केळशीहून शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याहून म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीहून रामनाथ बांदोड्याला. लोक माना डोलवायचे, फोटो काढायचे.

मग साताठ वर्षांपूर्वी एका ग्रुपमध्ये एक म्हातारी बाई होती, सासष्टीतली ख्रिश्चन, सून आणि नातवंडांबरोबर आलेली. मी नेहमीची टेप लावली. सगळं झाल्यावर ती देवळातल्या उंच समईकडे बघत मला हळूच म्हणाली, आमची सायबीण (देवी) आमकां सोडून गेली. मी विचारलं कुठलं गाव, तर म्हणाली वेर्णा.

मला काही सुचेचना. इतकी वर्षं ही गोष्ट सांगतेय आणि माझ्या गोष्टीत त्या पलीकडच्या काठावर माणूसच नव्हता हो! देवी उचलून नेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वेर्ण्यात कोणीतरी उठलंच असेल ना, आणि उठून मोकळ्या गाभाऱ्याकडे बघितलं असेल, ज्यांना जमीन सोडून जाता आलं नाही, किंवा जायचं नव्हतं, जे पुढे बाटले, त्यांच्याच पोटची ही बाई. एकच होडी, एकच नदी, एकच रात्र, पण या काठावर क्रियापद ‘आली’ आणि त्या काठावर ‘गेली’. आजी खोटं बोलत नव्हती, ती बाईपण नाही. पण ‘आली’ म्हणणाऱ्या पोरीला वेर्णा दिसत नाही, आणि मला तो चाळीशी उलटेपर्यंत दिसला नाही, म्हणजे वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेट दिसत होती, गाव दिसत नव्हतं.

तेव्हापासून मला सवय लागली, कुठलीही ऐतिहासिक गोष्ट कानावर पडली की आधी क्रियापद पकडायचं आणि मग गोष्ट सुरू कुठून होते ते बघायचं. सन, नावं, आकडे हे सगळं नंतर. कारण आकडे बरोबर असूनही माणूस पूर्ण आंधळा राहू शकतो, मी राहिले होते.

उदाहरण आपल्या सगळ्यांच्या तोंडात असलेलं, ‘गोव्यावर साडेचारशे वर्षं पोर्तुगीजांचं राज्य होतं’. पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने 1510 मध्ये शहर घेतलं, भारतीय सैन्य आलं डिसेंबर 1961 ला, वजाबाकी 451, हिशेब चोख. पण कुठल्या गोव्यावर? 1510 ला मिळाली ती तिसवाडी, म्हणजे जुन्या गोव्याभोवतीचा तालुका, बार्देश आणि सासष्टी आली 1543 ला. आमचा फोंडा त्यांच्या हातात गेला 1763 मध्ये, पेडणे 1788 मध्ये, डिचोली-सत्तरी त्या मधल्या वर्षांत. म्हणजे फोंड्यात ते 198 वर्षं होते, पेडण्यात 173. कमी नाहीतच, पण साडेचारशे नाहीत. आता तुम्ही म्हणाल याने काय होतं? याने असं होतं की साडेचारशे म्हटलं की दरवेळी टुरिस्ट मला विचारतो, मग ही देवळं इथे कशी काय राहिली, पोर्तुगीजांनी सोडली कशी? सोडली नाहीत, त्यांचं इथे काही चालतच नव्हतं! देव नदी ओलांडून आले ते याचसाठी, नदी ही बॉर्डर होती. आणि बॉर्डरच्या या बाजूला राज्य कोणाचं होतं त्या वेळी? विजापूरच्या आदिलशहाचं. हे वाक्य मी बोलले की ग्रुपमध्ये दोन-चार जणांचे चेहरे बदलतात, एकदा एका गृहस्थांनी माझी तक्रारसुद्धा केली की गाईड चुकीचं सांगते. चुकीचं काय त्यात? त्यांच्या डोक्यातल्या गोष्टीत मुसलमान राजा देवळं पाडणाऱ्यांच्या रांगेत उभा आहे, तो इथे देवांना थारा मिळालेल्या मुलखाचा मालक म्हणून कसा येईल, मांडणीच बसत नाही. तो काही धर्मात्मा होता असं मी म्हणत नाही, त्याचं पोर्तुगीजांशी वैर होतं आणि वसणारी माणसं म्हणजे शेतसारा, एवढं साधं असेल. पण बसत नाही म्हणून माणूस तो तुकडा फेकूनच देतो, हे मी डोळ्यांनी बघते.

जुन्या गोव्यात सेंट कायेतान चर्चच्या समोर एक दार आहे, नुसतं दार. काळ्या दगडाचे दोन नक्षीदार खांब, वर आडवा दगड, बाजूला दगडी जाळीचे तुटके तुकडे, खाली पाच-सहा पायऱ्या. मागे काही नाही, गवत आणि झाडं. आदिलशहाच्या राजवाड्याचं दार असं तिथे लिहिलंय. राजवाडा पुढे पोर्तुगीज गव्हर्नरांनी वापरला, मग सोडून दिला, एकोणिसाव्या शतकात उरलासुरला पाडून दगड पणजीला नेले. आता खांबांची घडण बघितली तर सरळ देवळाची, जाळी बघितली तर तीपण इथलीच. मी या दारापाशी मुद्दाम काही न बोलता दोन मिनिटं गप्प राहते. कोणी म्हणतं मुसलमानी कमान, कोणी म्हणतं देवळाचे दगड चोरून आणले, एक पोरगा म्हणाला हे दार कुठे उघडतं? तोच एक खरं दार बघत होता, बाकी सगळे आपापली आधीच ऐकलेली गोष्ट बघत होते.

तिथून खाली नदीकडे गेलात की व्हाइसरॉयची कमान. नवा गव्हर्नर बोटीतून उतरला की या कमानीखालून शहरात शिरायचा. नदीकडच्या बाजूला वर वास्को द गामा उभा, शहराच्या बाजूला तलवार घेतलेली एक बाई आणि तिच्या पायाखाली आडवा पडलेला इथला माणूस. म्हणजे येणाऱ्याला दाखवायची गोष्ट वेगळी आणि इथे राहणाऱ्याला दाखवायची वेगळी, एकाच कमानीच्या पाठपोट. त्यातपण वास्कोने गोवा कधी जिंकलाच नव्हता, जिंकला आल्बुकेर्कने, पण कमान उभारणारा व्हाइसरॉय वास्कोचा पणतू होता, मग वर कोण चढणार! आपल्याकडे नगरपालिकेच्या बागेला नाव देताना जे चालतं तेच, फक्त चारशे वर्षं आधी.

आता थोडं मोठं उदाहरण, कारण इथे गोष्टीने नुसतं बघणं नाही, वागणं पण बदललं. 1683 च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांची माणसं जुवे बेटावर पोचली, म्हणजे जुन्या गोव्यापासून अगदी हाकेच्या अंतरावर. शहरात घबराट. व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर स्वतः लढायला गेला आणि जखमी होऊन परत आला. मग तो बॉम जेझूच्या चर्चमध्ये गेला, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवला आणि म्हणाला आता गोवा तूच सांभाळ. थोड्याच दिवसांत मराठे मागे फिरले. झालं, चमत्कार! पुढे नवे गव्हर्नर त्या पेटीपाशी जाऊन राजदंड घ्यायला लागले, म्हणजे गोष्टीतून रीत तयार झाली आणि रीत चालू राहिली म्हणून गोष्ट खरी वाटत राहिली. मराठी बखर-इतिहास वाचणारा म्हणेल, कसला चमत्कार, औरंगजेबाचा मुलगा शहाआलम फौज घेऊन कोकणात उतरत होता, महाराजांना वळावंच लागलं. हे बरोबरच आहे, कारण म्हणून मी हेच सांगते. पण आमच्याकडच्या सांगण्यातपण एक गंमत आहे, ते मुघल फौजेपाशी संपतं. त्यातून वाचलेल्या शहरात पुढे काय झालं ते आपण सांगतच नाही. तर पुढच्याच वर्षी, जून 1684 ला, याच व्हाइसरॉयने फर्मान काढलं की इथल्या लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायचं, मुदत तीन वर्षं. शहर जाता जाता राहिलं होतं, भीती अंगात होती. हे दोन तुकडे माझ्या मनात जोडलेले आहेत, त्याला कागद दाखवा म्हणाल तर सरळ कारण म्हणून लिहिलेला कागद मी दाखवणार नाही, पण एक गोष्ट लढाईच्या धड्यात आणि दुसरी भाषेच्या धड्यात असली की कोणाला ती एकाच माणसाची दोन वर्षं आहेत हे कळतच नाही. धडे कुठे तोडायचे हीपण गोष्ट सांगण्याचीच रीत आहे.

सासष्टीतल्या कुंकळ्ळीबद्दल तर दोन वेगळी स्मारकंच आहेत, जाऊन बघा. जुलै 1583 ला तिथे पाच जेझुइट पाद्री मारले गेले, ख्रिस्ती जगात ते हुतात्मे, 1893 मध्ये पोपने त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून जाहीर केलं, तिथे चॅपल आहे. त्यानंतर पोर्तुगीजांनी 16 गांवकरांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणी करायला म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारलं, एकटा नदीत उडी टाकून सुटला असं कुंकळकर सांगतात, त्यांचंही स्मारक आहे, तेही हुतात्मे. शब्द एकच, माणसं समोरासमोरची. कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा (कवळ्याची वेगळी) तिथून फातर्प्याला गेली, आणि शिगम्यात बारा वांगडांच्या (कुळांच्या) बारा छत्र्या घेऊन तिला वाजतगाजत कुंकळ्ळीत आणतात. ही मिरवणूक एकदा तरी बघाच, गुलालात कोण कोणाचं ते ओळखू येत नाही, त्या दिवशी कोणी सन विचारत नाही.

आणि नुसतं जुनंच कशाला, आमच्या घरातलं सांगते. 16 जानेवारी 1967 चा ओपिनियन पोल, महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. वेगळं राहायच्या बाजूने 34,021 मतं जास्त पडली. आमचे आजोबा फुलवाले, मराठी शाळा, विलीनीकरणवाले पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्यावर जीव. त्या दिवसाबद्दल ते एकच शब्द बोलायचे, ‘हरलो’. माझी कॉलेजातली मैत्रीण मडगावची, तिच्या घरी तोच दिवस ‘वाचलो’. मी आजोबांना तिच्या घरचं सांगितलं तर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत! मी मराठीत लिहिते, मराठीतच विचार करते, पण आज सरकारदरबारी त्याच तारखेला अस्मिताय दीस साजरा होतो तेव्हा मला वाईट वाटत नाही, आणि आजोबांचा शब्द आठवला की थोडं वाटतंही, दोन्ही एकाच वेळी. शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा, त्याला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने शेवटच्या माणसापर्यंत लढा म्हणून सांगितलं होतं, त्याने 19 डिसेंबरला शरणागती दिली. आपल्याकडे म्हणतात त्याने गोवा वाचवला, रक्तपात टाळला. तिकडे त्याला सैन्यातून काढून टाकलं, आणि 1974 ला तिथली राजवट उलटल्यावर परत मान दिला. माणूस तोच, सही तीच, फक्त लिस्बनमधली गोष्ट बदलली.

इथे एक सावधगिरीचं सांगते, कारण माझं एवढं ऐकून लोक लगेच म्हणतात की मग काय, ज्याची त्याची गोष्ट खरी. नाही. हे मला अजिबात पटत नाही, हा आळशीपणा आहे. देवळं पाडली गेली, हे झालंय. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 ला सुरू झालं आणि मधला थोडा खंड सोडला तर 1812 पर्यंत होतं, हे झालंय. एखादा टूरवाला ‘तसं काही फारसं नव्हतं हो’ म्हणतो तो खोटं बोलतो. आणि व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड येतं त्यात बळींचा आकडा अगदी शेवटच्या अंकापर्यंत दिलेला असतो तोपण फेकतोय, कारण इथल्या इन्क्विझिशनची बहुतेक कागदपत्रं बंद झाल्यावर जाळून टाकली गेली, मग एवढा नेमका आकडा आणला कुठून? उलट गंमत बघा, सासष्टीत कुठल्या गावात कुठलं देऊळ होतं हे आज आपल्याला कशावरून कळतं, तर देवळांच्या जमिनी चर्चच्या नावावर करताना पोर्तुगीज कारकुनांनी ज्या नोंदी केल्या त्यावरून. ज्यांनी मोडली त्यांच्याच वह्यांत ती उरली.

आणि आपल्या सगळ्यांत लाडक्या गोष्टीत कोण नाही तेही कधीतरी बघावं. परशुरामाने बाण मारला, समुद्र हटला, 96 कुळं आणून वसवली, 66 ची सासष्टी, 30 ची तिसवाडी. बाणावलीचं नाव त्या बाणावरून. लहानपणी किती भारी वाटायचं! पण गोष्ट सुरू होते तेव्हा जमीन रिकामी आहे, कोणीच नाही. गावडे, कुणबी, वेळीप हे इथले मूळचे लोक कुठे आहेत? सांतेरी देवीचं वारूळ कोण पूजत होतं? सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठावर पणसायमळला जांभ्या दगडात बैल, हरणं, एक गोल गोल चक्रव्यूह कोरलेला आहे, हजारो वर्षांपूर्वीचा, 1993 मध्ये अभ्यासकांच्या नजरेत आला. पावसाळा संपल्यावर सकाळच्या तिरक्या उन्हात गेलात तरच रेघा नीट दिसतात, दुपारी नुसता दगड. मी तिथे नेलं की लोक विचारतात, हे कोणाचं? बाणाच्या गोष्टीत त्या माणसांना जागाच ठेवलेली नाही, त्यामुळे प्रश्न पडतो.

बरं, प्रोजेक्ट. तुमचं गाव कुठलं ते लिहिलेलं नाही, पण गोव्यातल्या बहुतेक गावांतून कोणीतरी गेलंय किंवा कोणीतरी आलंय, देव नाहीतर माणूस. मुलीला सांगा पुस्तकातल्या दोन ओळी घे, आजीची गोष्ट मोबाईलवर रेकॉर्ड कर, आणि ज्या गावाचं नाव आजीच्या गोष्टीत ‘तिकडे’ म्हणून येतं त्या गावात जाऊन एका म्हाताऱ्या माणसाला तोच प्रश्न विचार. उत्तर सुधारायचं नाही, जसं बोलले तसं लिहायचं, कोंकणीत बोलले तर कोंकणीत. व्हिडिओतल्या माणसाचं एकच वाक्य घे आणि तो सन कुठून मोजतो ते शोध, बाकी सोडून दे. पुराभिलेखागार पणजीत आहे, पण आठवीच्या मुलीला तिथे जुन्या पोर्तुगीज अक्षरांत काही हाती लागणार नाही, त्यापेक्षा बसचं तिकीट काढा.

म्हाळसेची गोष्ट घ्यायची असेल तर रासईहून दुर्भाटला फेरीबोट जाते, देवी आणि तिला घेऊन आलेली माणसं यांची वाट साधारण याच पाण्यावरून गेली असणार. वेर्ण्यात आधी जा, तिथे जुन्या जागी आता पुन्हा देऊळ उभं आहे ते बघा, मग फेरी पकडून म्हार्दोळला या. ती वेर्ण्याची म्हातारी त्या दिवशी निघताना दारातल्या बाईकडून जायांचा गजरा विकत घेत होती, मी म्हटलं माय, केसांत माळता काय, तर म्हणाली छे गे, घरच्या खुरसाला (क्रुसाला) घालणार.